नाव कुणाचं पुकारायचं?

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. मुरुमच्या अलीकडं, आठ-नऊ किलोमीटरवर, एवढं कळलं तरी बास. नाव सांगितलं की लगेच भीमाशंकरअण्णांचा फोन येईल, "बाई, तुम्ही गावाची बदनामी करता." बदनामी कसली डोंबलाची! मी कौतुक सांगायला बसलेय. जत्रा होऊन आठ दिवस झाले, तरी माझी छाती अजून धडधडतीय.

मी चंद्रप्रभा माळीपाटील. वय सहासष्ट. एकतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. आवाज मोठा आणि राग नाकाच्या शेंड्यावर, असं गाव म्हणतं आणि खोटं म्हणत नाही.

आमच्याकडं वीरभद्राच्या जत्रेत गुंडकल उचलतात. गुंडकल म्हणजे गोल धोंडा. शब्द कन्नड आहे, पण आमच्या सीमेवरच्या गावात कुठला शब्द कुणाचा हे कोण विचारतंय! पंच्याऐंशी किलोचा, तेल लावल्यासारखा गुळगुळीत. तो जमिनीवरनं मांडीवर घ्यायचा, मांडीवरनं छातीवर, छातीवरनं खांद्यावर, आणि मग चालायचं. जितकी पावलं जास्त तितका मान मोठा. मानाची घरं चार. त्यात आमचं एक. जे घर जिंकेल त्याच्या कर्त्याचं नाव देवळाच्या पायरीवरनं भोंग्यात पुकारतात आणि पालखीपुढचा पहिला नारळ त्या घराचा.

कर्त्याचं नाव. नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. उचलणाऱ्याचं नाही. कर्ता म्हातारा असेल, आजारी असेल, बाईमाणूस असेल तर त्यानं बदली माणूस उभा करायचा. कर्त्यानं धोंड्याला हात लावायचा, आपला शेला बदल्याच्या कमरेला बांधायचा आणि खुर्चीत जाऊन बसायचं. घाम बदल्याचा, नाव खुर्चीतल्याचं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आमचा बदली होता मुनवरभाई. मुरुमच्या अडतीत हमाली करायचा. बांधा असा की दारातनं आत आला की खोलीत अंधार व्हायचा. त्यानं आमच्या घरासाठी नऊ वर्षं गुंडकल उचलला आणि नऊच्या नऊ वर्षं जिंकला. त्यातली चार मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. दरवर्षी भोंग्यात पुकारा व्हायचा, "रेवणसिद्धप्पा माळीपाटील!" ते माझे सासरे. मामंजींनी आयुष्यात पाण्याची घागरसुद्धा उचलली नव्हती. मुनवरभाईला टॉवेल, टोपी आणि नारळ मिळायचा. तो गर्दीत मागं उभा राहून टाळ्या वाजवायचा. आणि मी? मी नवी नवरी, मामंजींच्या नावावर फुलून जायची. मेलं, कधी मनातसुद्धा आलं नाही की यात काही चुकतंय.

मग त्याची कंबर गेली आणि आमचं जिंकणं गेलं. मालक, म्हणजे आमचे कृष्णराज, तीन वर्षांमागं वारले. मुलगी अमेरिकेत. गेली दोन वर्षं आमच्या घराचा माणूस मैदानात उभाच राहिला नाही. आणि रीत अशी, की तिसऱ्या वर्षीही कुणी उभं राहिलं नाही तर घर मानातनं गळालं. कायमचं.

मी मिनाजला फोन केला.

मिनाज मुनवरभाईची नात. हाफिजची पोरगी. चोवीस वर्षांची. माझीच विद्यार्थिनी. विद्यापीठाकडनं वेटलिफ्टिंग खेळली, आता उमरग्यात पोरींना शिकवते. मी सरळ विचारलं, "बदली होशील का गं माझी?"

ती घरी आली. चहा घेतला. बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "उचलते, बाई. पण माझी एक अट हाय. जिंकले तर नाव दादांचं पुकारायचं. मुनवर शेख. ऐंशी वर्षांचे झालेत. त्यांच्या कानांनी ऐकूद्यात एकदा."

माझं डोकंच सणकलं. "अगं, शहाणी का खुळी तू? मान माळीपाटलांचा, नाव शेखांचं कसं पुकारतील? रीत म्हणून काही आहे का नाही?"

"मग रीत उचलंल धोंडा," असं म्हणून ती चालू लागली. चप्पल घालताना एवढंच बोलली, "दादांना यातलं कायबी माहीत न्हाय. सांगू नका." राग आला, लई आला. पण खरं सांगू? पोरीच्या बोलण्याला उत्तर सापडलं नाही, म्हणून जास्त आला.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर भीमाशंकरअण्णांनी बॅनर लावला. हे दुसऱ्या एका मानाच्या घरचे कर्ते, जत्रा कमिटीचे अध्यक्ष, पोट पुढं आणि गॉगल वर. बॅनरवर त्यांचा हा एवढा मोठा फोटो आणि खाली, "गुंडकल चॅम्पियन, सलग दोन वर्षे!" उचलला कुणी? त्यांचा पुतण्या दिग्विजयनं. त्याचा फोटो कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या रांगेत, पासपोर्ट साइजचा.

मी तिथंच ओरडले, "ह्यो कसला चॅम्पियन!" रिक्षावाले हसले. पण घरी आल्यावर एक किडा डोक्यात वळवळायला लागला. चॅम्पियन म्हणजे नेमकं काय? एकतीस वर्षं मी पोरांना सांगितलं, चॅम्पियन म्हणजे विजेता, पुढचा शब्द घ्या. हा शब्द आला कुठनं, हे कधी बघितलंच नव्हतं. कपाटावरचा जाड शब्दकोश काढला, धूळ झटकली, चष्मा लावला.

आणि काय सांगू तुम्हाला! वाचता वाचता मी उभीच राहिले.

मूळ शब्द लॅटिन, कांपुस. म्हणजे मैदान. त्यावरनं कांपिओ, मैदानात उतरून लढणारा. तिथनं फ्रेंचांकडं गेला, फ्रेंचांकडनं इंग्रजांकडं. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून दुसरं पुस्तक काढलं, मग मोबाइलवर वाचलं. जुन्या काळी युरोपात कोर्टातला तंटा कधी कधी मैदानात लढून मिटवायचे. पण बाई, म्हातारा, आजारी, धर्मगुरू, हे कसे लढणार? ते आपल्या जागी दुसऱ्याला उभं करायचे. तो जिंकला तर यांचा दावा खरा, तो पडला तर यांचा दावा गेला. दुसऱ्यासाठी स्वतःचं अंग पणाला लावणारा जो माणूस, त्यालाही चॅम्पियन म्हणायचे! जिंकणारा हा अर्थ फार उशिरा चिकटला.

म्हणजे आमचा बदलीच की हो! युरोपातनं निघालेला शब्द फिरून फिरून आमच्या जत्रेत येऊन उभा. मी एकटीच खोलीत टाळी वाजवली. आणि टाळी वाजवतानाच दुसरी गोष्ट ध्यानात आली. चॅम्पियन खुर्चीतला नव्हताच कधी. चॅम्पियन मैदानातला. आमच्या घरचा चॅम्पियन मुनवरभाई होता आणि त्याचं नाव आम्ही नऊ वर्षं गिळलं. लाज वाटली. वाचता येत होतं, शिकवत होते, तरी दिसलं नाही.

त्याच पावली उमरग्याची गाडी धरली. मिनाज हॉलमध्ये पोरींना शिकवत होती. मी दारातनंच सांगितलं, "तुझी अट मान्य. घर गळालं तर गळूदे मानातनं. नाव मुनवर शेखचंच पुकारणार, मी स्वतः पुकारणार." पोरगी वजन खाली ठेवून आली आणि माझ्या गळ्यातच पडली.

आता राहिली कमिटी. मीटिंग देवळाच्या मंडपात. मी बदली म्हणून मिनाजचं नाव दिलं आणि भीमाशंकरअण्णा ताडकन उठले. "न्हाय चालायचं. ह्या वर्षीपास्नं बदली बंद! घरच्या रक्ताचंच माणूस पाह्यजे. आन् त्यात पोरगी!"

मी शब्दकोश आपटला टेबलावर. "अण्णा, बॅनरवर तुम्ही स्वतःला चॅम्पियन लावलंय. त्याचा अर्थ सांगू का सगळ्यांना?" आणि सांगितला. कांपुसपासनं सुरू केलं ते थेट दिग्विजयच्या पासपोर्ट फोटोपर्यंत. "बदली बंद करायचीय ना? करा! मग यंदा तुम्ही स्वतः उचला. दिग्विजय रक्ताचा असला तरी तुमचा बदलीच आहे. कर्ते तुम्ही. या मैदानात, मी हळद-तेल घेऊन उभी राहते तुमच्या कमरेसाठी."

मंडपात असा हशा पिकला की विचारू नका. दिग्विजय तोंडावर रुमाल धरून हसत होता, पुतण्या असून! अण्णांनी पाणी मागितलं. पोरगी कशी चालेल हा प्रश्न राहिलाच होता, पण पुजारी महांतप्पा, नव्वदीला टेकलेले, डोळे मिटूनच बोलले, "धोंड्याला काय कळतंय रं, पोरगा का पोरगी? उचलला तर उचलला." मीटिंग संपली.

जत्रेचा दिवस. दुपार कलली तशी देवळापुढचं मैदान गच्च भरलं. पोरं भिंतींवर, बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. मुरुमची माणसं आली, आळंद-अफजलपूरकडची आली. हाफिजनं मुनवरभाईला खुर्चीतनं आणलं आणि पुढच्या रांगेत बसवलं. वाळून गेलेलं अंग, पांढरी टोपी, हातात काठी. डोळे मात्र धोंड्यावर. मी सलाम केला तर म्हणाले, "बाई, पोरीला घाई करू दिऊ नका."

पहिल्या घराचा माणूस सात पावलं चालला. दुसऱ्याच्या खांद्यावर गुंडकल आलाच नाही, मांडीवरनं निसटला. मग दिग्विजय. गडी जोरदार, खोटं कशाला बोलू. एका दमात खांद्यावर घेतला आणि निघाला. लोक मोजायला लागले. दहा, अकरा, बारा! सोळाव्या पावलाला पाय लटपटला, सतराव्याला त्यानं टाकला. सतरा! अण्णांनी खुर्चीत बसूनच दोन्ही हात वर केले.

"आता माळीपाटील!" भोंग्यावरच्या वीरेशनं पुकारलं. "बदली, मिनाज शेख!"

शिट्ट्या झाल्या. कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी त्या दिशेला असं बघितलं की हसणं बंद. गुंडकलाला हात लावला. ऊन पिऊन तापला होता. मालकांचा जरीचा शेला पोरीच्या कमरेला बांधला, पुढं गाठ मारून, मामंजी बांधायचे तशी, झोकात. तिच्या कानात म्हणाले, "नाव लक्षात आहे माझ्या." तिनं मान हलवली.

तीन वेळा उचलायची मुभा असते. पहिल्याला तिनं गुंडकल मांडीवर घेतला, छातीकडं ओढला आणि धोंडा सटकन घसरून खाली! लोक ओरडत मागं सरले. पायाचं बोट थोडक्यात वाचलं. दुसऱ्याला पुन्हा तेच. पोटाशी येऊन अडकला, घसरला. तिच्या हाताला खरचटलं, श्वास फुलला. अण्णा शेजारच्याला काहीतरी सांगून हसत होते. एकच खेप राहिली होती.

"गाठ!" कुणीतरी ओरडलं. "बाई, गाठ मागं घ्या!"

मुनवरभाई. काठी आपटत होते खुर्चीच्या पायावर. "पुढच्या गाठीला धोंडा अडतोय! रेवणअप्पा बसले की म्या हळूच मागं फिरवायचो!"

देवा रे देवा! नऊ वर्षं हा माणूस आधी आमच्या घराची गाठ सोडवायचा, मग धोंडा उचलायचा, आणि आम्हाला पत्ताच नाही. मी धावत गेले. पळाले म्हणा ना, सहासष्ट वर्षांची बाई! शेला सोडला आणि गाठ पाठीवर मारली.

मिनाजनं माती हाताला चोळली. डोळे मिटले. वाकली. गुंडकल मांडीवर आला. दम घेतला. छातीवर आला. तिच्या मानेच्या शिरा टरटरून फुगल्या, मी माझाच पदर दातात धरला. आणि हूं करून तिनं जो झटका दिला, धोंडा खांद्यावर!

मग असा आवाज फुटला की देवळावरची कबुतरं उडाली.

ती चालू लागली. एक, दोन, तीन. लोक मोजत होते. ट्रॉलीतल्या बायका उभ्या राहून मोजत होत्या. आठ. नऊ. दहा. मधे ती थांबली, डुलली, माझा जीव टांगणीला. "दम धर, दम धर," मुनवरभाई पुटपुटत होते. पुन्हा पाऊल. चौदा. पंधरा. सोळा! सतराला दिग्विजय स्वतः ओरडत होता, "अजून एक, मिनाज, अजून एक!" पोरगं सोन्यासारखं, काका कसलाही असो. अठरा! एकोणीस! विसाव्याला तिनं खांदा झुकवला आणि गुंडकल धाडकन मागं पडला.

वीस! मी नाचले. लपवून काय उपयोग, मोबाइलमध्ये सगळ्यांनी काढलंय.

वीरेशनं भोंगा तोंडाला लावला. "मानाचं घर, माळीपाटील! कर्ता..."

"थांब!" मी पायऱ्या चढून त्याच्या हातातनं माइक हिसकावून घेतला. "कर्ता-बिर्ता काही नाही. आमच्या घरानं नऊ वर्षं दुसऱ्याच्या घामावर स्वतःचं नाव लावलं. चॅम्पियन म्हणजे मैदानात उतरतो तो. आज ती चूक मी दुरुस्त करते. आमच्या घरचा मान जायचा तर जाऊदे. आजचं नाव, मुनवर शेख!"

लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. मिनाज तोंडावर हात धरून रडत होती. मला वाटलं, झालं, फिटलं. आयुष्यात एक तरी काम धड केलं. केवढी फुगले होते मी त्या क्षणाला!

आणि मुनवरभाई उठले. हाफिजनं धरायला हात पुढं केला तो त्यांनी झटकला. काठी टेकत, एकेक पाऊल टाकत पायरीपाशी आले. मला वाटलं, आशीर्वाद द्यायला येताहेत. वर बघितलं तर डोळे लाल.

"बाई," ते म्हणाले. माइक माझ्या हातात चालूच होता, सगळ्या मैदानानं ऐकलं. "नऊ वर्षं म्या उचलला, नाव दुसऱ्याचं लागलं. आज पोरीनं उचलला, आन् नाव माझं लावताय? म्या तर खुर्चीत बसलो हुतो. मग रेवणअप्पात आन् माझ्यात फरक काय राह्यला?"

मी दोन पायऱ्या उतरून त्यांच्यापुढं आले.

मिनाज पुढं आली. "दादा, म्याच सांगितलं हुतं बाईंना. तुमच्यासाठी उचलला मी."

"व्हय, माझ्यासाठी उचल की. कोण नको म्हणतंय?" त्यांनी तिचा खरचटलेला हात धरला, मातीसकट. "आजा हाय मी तुजा. माझ्यासाठी न्हाय तर कुणासाठी उचलशील? पण नाव तुजं. ज्याच्या खांद्यावर वजन, त्याचं नाव. मला ठावं हाय ना, मागं उभं राहून टाळ्या वाजवताना कसं वाटतंय ते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळे पुसले, घसा खाकरला. आणि शाळेत हजेरी घेताना लागायचा तो आवाज लावला.

"मिनाज हाफिज शेख!"

माइक खाली घेणार, तेवढ्यात मुनवरभाईंनी काठीनं पायरीवर ठोकलं. "तीनदा पुकारायची रीत हाय, बाई."

तीनदा पुकारलं.